किती पितंय

सकाळी पावणेसातला ताडपत्री ओढली
तर विमानाखाली फरशीवर
रुपयाएवढा डाग. काल आठ आण्याएवढा होता.
दस्तगीर अत्तार असते तर खाली वाकले असते,
आधी गुडघ्याला शिवी देऊन,
मग बोटावर तेल घेऊन नाकाशी नेलं असतं.
आजोबांचं अत्तराचं दुकान होतं बोहरी आळीत,
नातवाने त्यातलं हुंगणं तेवढं उचललं.
"पेट्रोल मिसळलंय" म्हणायचे, किंवा "जळलंय",
किंवा नुसतंच "हं".
त्या "हं"वर आम्ही दोन दोन दिवस उड्डाणं बंद ठेवलेली आहेत.

मी हुंगते. मला फक्त तेलाचा वास येतो.

म्हणून वही.
तारीख, तास, किती घातलं, सही.
जानेवारीत दहा तासांना एक क्वार्ट.
फेब्रुवारीत तेच.
मार्चात आठ तासांना, मग सहा, मग
कुणाच्या तरी घाईत सही राहून गेलेली.
इंजिन तेल पितं यात गैर काही नाही.
वाऱ्यावर थंड होणारे चार सिलिंडर, आतून ढिले बेतलेले,
पिणारच.
अत्तार म्हणायचे, किती पितंय हे विचारू नकोस पोरी,
कालच्यापेक्षा किती जास्त, ते विचार.
हे ते इंजिनाबद्दलच बोलायचे.
घरी एक धाकटा भाऊ होता,
त्याच्याबद्दल ते बोलायचे नाहीत.

आधी सापडला मंथन.
नवा पोरगा, फुरसुंगीहून सायकलवर येतो.
रोज काडी बघून आठाच्या खुणेपर्यंत भरायचा,
पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं.
आणि इंजिन वरचं सगळं
श्वासनळीतून स्वतःच्याच पोटाखाली ओकून
सहावर येऊन गप्प बसायचं.
"कमी दिसलं की बरं नाही वाटत, मॅडम."
मी ओरडले नाही. मीही भरायचे.
अत्तारांनी वर्षभर एक शब्द न बोलता
विमानाचं पोट पुसलं होतं.

पण पोट पुसून, सहावर ठेवूनही
डाग आलाच.

मग धुतलं. नाकाच्या सीलपासून मागच्या मॅग्नेटोपर्यंत,
दात घासायच्या ब्रशने.
वाळू दिलं. आणि गाडीतळावरच्या मेडिकलमधून आणलेली
घामोळ्यांची पावडर मुठीने उधळली,
न्हाऊ घातलेल्या बाळासारखं दिसेपर्यंत.
दोन मिनिटं चालवलं.
निम्मी पावडर मंथनच्या केसांत.
बंद केलं. टॉर्च.

पुशरॉडच्या नळ्या पांढऱ्या. रॉकरची झाकणं पांढरी.
ज्या गॅस्केटवर मी मनातल्या मनात
खटला चालवून शिक्षाही सुनावली होती
ती निर्दोष, पांढरी.
आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बुडाशी, बोल्टाला लागून,
भांगासारखी सरळ
एक तपकिरी रेघ.
आम्ही बघत होतो तेवढ्यात
ती नखभर पुढे सरकली.

रबर नव्हतं ते. धातूच चिरला होता.

रणपिसे साहेब म्हणाले, एवढ्याशा तेलासाठी?
शनिवारी सहा पोरं येतायत, पैसे घेऊन बसलोय.
माझी स्कूटर वीस वर्षं गळतेय.
म्हटलं, साहेब, तुमची स्कूटर सासवड रोडवर बंद पडते.
तिथे बाजूला घ्यायला कडा असते.
ते मगरपट्ट्याच्या इमारतींकडे बघत राहिले,
आमच्या पट्टीच्या टोकाशी रोज एक मजला वाढणाऱ्या.

कोंढव्याला फोन लावला.
"वास?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, पावडरचा येतोय.
मग रेघ सांगितली. कुठे, किती, कुठल्या दिशेने.
पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.
बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.
"हं," म्हणाले.

पंख्याला लाल पट्टी बांधली.
वहीत सहीच्या जागी सही न करता
पूर्ण नाव लिहिलं, अश्लेषा मारुती खळदकर,
आणि किती घातलं, त्या रकान्यात
शून्य.